न मोजलेली शेवरी

चौधरी सर केळं खाण्याआधी ते टेबलावर आडवं ठेवत. मग खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची पानं कुठल्या बाजूला हलताहेत ते बघत आणि त्या हिशेबानं केळं फिरवून घेत. दोन्ही टोकं वारा जातो तिकडे, पाठीचा फुगवटा वारा येतो तिकडे. एवढं झाल्याशिवाय ते सोलायचं नाही. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्याला वाटे, हा काही तरी कुळाचार असावा. मलाही वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, हा बारखाण. वाळवंटातली चंद्रकोरीची टेकडी. कडेला वाळू कमी, ती लवकर पळते, म्हणून टोकं पुढे. मध्ये वाळू जास्त, ती मागे राहते. कळलं?" मी कळलं म्हणाले. मग त्यांनी केळं सोललं आणि तीन घासांत बारखाण संपवला.

मी धुळ्याची, वनस्पतिशास्त्राची. जळगावच्या त्या कॉलेजात लागले तेव्हा ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. सर भूशास्त्र शिकवत. नाव सुपडू, मूळ सावद्याकडचे, घराण्यात सगळे केळीवाले. भाऊबंद ट्रकच्या ट्रक केळी दिल्लीला पाठवत असताना हा एकटाच दगडमातीच्या नादाला लागला आणि त्यातही त्याला वाळूच आवडली. बरं, खानदेशात वाळवंट कुठलं? मे महिन्यात दुपारी जळगावच्या रस्त्यावर उभं राहिलं की असेलही असं वाटतं, पण सरांना तसं म्हटलेलं चालत नसे. ऊन म्हणजे वाळवंट नव्हे, असं ते ऐकवत. वाळवंटाला तीन गोष्टी लागतात: सुटी वाळू, एका बाजूनं येणारा वारा आणि वाटेत आडवं येणारं काहीतरी. या तिन्ही गोष्टी त्यांना तापीकाठी एका ठिकाणी सापडल्या होत्या, त्याची ही हकिगत आहे.

गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं एक भिंग असायचं. त्यातून ते साखर बघत, रवा बघत, एकदा प्राचार्यांच्या टेबलावरची धूळही त्यांनी प्राचार्यांसमोरच बघितली. आणि तोंडी एकच पालुपद: "मोजलं का?" यंदा उकाडा फार आहे म्हटलं की, "मोजलं का?" पोरांची हजेरी वाढली म्हटलं की, "मोजलं का?" सरांच्या पत्नी नलूवहिनी सांगत की लग्नानंतर पहिल्यांदा भाजीत मीठ जास्त झालं तेव्हाही सरांनी हेच विचारलं होतं, फक्त स्वतःलाच. एकदा मी डोकं फार दुखतंय म्हणाले. सरांनी "मो" एवढंच उच्चारलं आणि माझ्याकडे बघून थांबले.

सहल म्हणजे अजिंठा, ही आमच्या कॉलेजची ठरलेली समजूत. सर पोरांना डाळ मिलमध्ये नेत. मी एकदा सोबत गेले होते. गोदामात तुरीच्या डाळीचा माणसाच्या दुप्पट उंच ढीग होता. सरांनी मुकादमाला विनंती करून ढिगाच्या माथ्यावर आणखी एक पोतं ओतायला लावलं. डाळ क्षणभर तिथंच थबकली आणि मग एका बाजूनं सगळी मिळून सरसरत खाली आली. सर पुढे झाले आणि लाकडी कोनमापक ढिगाला टेकवला. "आता आणखी दहा पोती ओता. ढीग वाढेल, उतार तोच राहील. वाळूच्या टेकडीची पाठमोरी बाजू अशीच असते. वारा मागून वाळू चढवतो, माथ्यावर जास्त झाली की ती घसरते, आणि घसरता घसरता टेकडी एक पाऊल पुढे सरकते." डाळ निवडत बसलेली एक बाई म्हणाली, "घसरतं तर रोजच, भाऊ. आम्हीच उचलतो." सर तिच्याकडे वळून म्हणाले, "मग तुम्ही माझ्याहून जास्त शिकलेल्या." थट्टा नव्हती, ते खरंच तसं मानत. पोरं मात्र वर्षभर एकमेकांना कोनमापक लावत हिंडली.

आता त्या जागेबद्दल. सावद्याच्या बाजूला तापीच्या काठावर सरांच्या थोरल्या बहिणीचं गाव होतं. तिला सगळे अक्का म्हणत, गावही आणि पुढे आम्हीही. नवरा लवकर गेला. दोन एकर केळी आणि एक विहीर तिनं एकटीनं सांभाळली होती. उन्हाळ्यात तापीचं पात्र आटतं, वाळू उघडी पडते आणि पश्चिमेचा वारा ती काठावर आणून टाकतो. अशी किती वर्षं टाकत होता कोण जाणे, पण अक्काच्या शेताच्या अलीकडे दोन पुरुष उंचीची टेकडी उभी राहिली होती. गाव तिला नुसतं रेताड म्हणे. बकऱ्यासुद्धा तिच्यावर फार वेळ थांबत नसत. सरांना मात्र ती बघितल्यावर झोप लागेना. त्यांनी बारा लोखंडी सळया आणल्या, त्यांना पांढऱ्या रंगानं आकडे घातले आणि टेकडीच्या पुढे ओळीनं ठोकल्या. दर उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा एस.टी.नं जायचं, पुढे दोन मैल चालायचं आणि टेकडी कुठल्या सळईपर्यंत आली ते टिपून घ्यायचं. यावर त्यांची पीएच.डी. व्हायची होती. मी आले तेव्हा तीन उन्हाळे होऊन गेले होते.

पहिल्यांदा गेले तेव्हा दुपार टळायला आलेली, वारा सुटलेला. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पोरांनाही दुमडायला लावली आणि मला म्हणाले, "बाई, निऱ्या जरा वर घ्या. भूशास्त्रात लाज नाही." मी वीतभर वर घेतल्या. पायांना बारीक सुया टोचाव्यात तशी वाळू लागत होती, पण गुडघ्याच्या वर काही नाही. "वाळू उडत नाही, उड्या मारते," सर वाऱ्यावर ओरडून सांगत होते. "एक कण पडतो, पडता पडता दुसऱ्याला उठवतो. उडी फार तर गुडघ्याएवढी. उडते ती धूळ, ती कुठल्या कुठे जाते. वाळू इथंच असते, पायापायानं जाते." मग त्यांनी आम्हाला ओंजळभर वाळू भिंगातून दाखवली. तापीची वाळू काळपट, कोपरे असलेली. लोहचुंबक फिरवलं की अर्धी मिशीसारखी त्याला चिकटे. शेजारी त्यांनी जैसलमेरहून आणलेल्या वाळूची कुपी धरली. तिच्यातले कण गोल, घासलेल्या काचेसारखे. "हिला फार वर्षं वाऱ्यानं घासलंय. आपली अजून नवीन आहे," ते म्हणाले. घरातल्या धाकट्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.

त्या जैसलमेरची गंमत वहिनींनी सांगितली होती. रजेच्या प्रवास सवलतीत त्यांना द्वारकेला जायचं होतं, सरांनी गाडी वाळवंटाकडे वळवली. तिथं ते सकाळपासून एका टेकडीवर पालथे पडून राहिले. दुपारी उंटवाल्याला वाटलं, माणूस गेला. त्यानं पखालीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. सर दचकून उठले आणि म्हणाले, "अरेरे, लहर पुसली." वाळूवरची लहर किती वेळात बोटभर सरकते ते ते बघत होते. वहिनी सांगताना हसत होत्या, पण द्वारका राहिलीच हेही त्यांनी सांगितलं.

मला त्या रेताडाची गोडी लागली ती माझ्या झाडांमुळे. चढावर रुईची झुडपं होती. प्रत्येक रुईच्या मागे वाळूची शेपटी साचलेली. पायथ्याला गोखरू पसरलेलं. मे महिन्यात हे सगळं जगतं कशावर, असं मी विचारलं तेव्हा सरांनी हातानं वाळू उकरायला लावली. वरची वाळू भाजत होती, कोपरभर खाली ओल होती. गेल्या पावसाळ्याचं पाणी टेकडीनं पोटात ठेवलं होतं. उतारावर नरसाळ्यासारखे इवलाले खड्डे असत आणि तळाशी मुंगीची वाट बघत एक किडा लपलेला असे. सरांनी त्या खड्ड्यांनाही कोनमापक लावला होता. डाळीच्या ढिगाचा आणि त्या किड्याच्या घराचा उतार जवळजवळ सारखा, हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे की आपणही जन्मभर हेच करावं असं वाटे.

अक्का बांधावर पाणी घेऊन येई. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदलेलं, आवाज खणखणीत. "बसा बाई सावलीत. हा काई बसनार नाई. वाळूवर फिरू फिरू काया पडला." मग आपल्या केळीकडे हात करून भावाला दरवेळी एकच विचारी, "सुपडू, हे रेताड मह्या केयीत येईन का रे?"

"पंधरा वर्स लागतीन, अक्का. मोजेल हाये मी."

"मंग येऊ दे. पंधरा वर्सांत मीच नाई ऱ्हायनार."

टेकडी वर्षाला दीड-दोन हात सरकत होती. सरांचा हिशेब चोख होता. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

नवव्या उन्हाळ्यात सर स्टाफरूममध्ये केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी घेऊन आले. टेकडी एका उन्हाळ्यात आठ हात पळाली होती. "आठ हात!" ते सगळ्यांना सांगत होते. "आजवर कधी नाही." वाऱ्याचा जोर वाढला असणार असं त्यांनी अनुमान काढलं. आम्ही अभिनंदन केलं, वेफर्स खाल्ले. पुढच्या वर्षी टेकडी नऊ हात गेली, पुन्हा वेफर्स आले. आठ आणि नऊ मिळून ती कुणाच्या दिशेनं गेली, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दोन मुठी जास्त घेतल्या होत्या.

अकराव्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्कानं निरोप पाठवला, येऊन जा. मीही गेले. वाळू तिच्या केळीच्या कडेच्या रांगेला टेकली होती. सर वही उघडून उभे होते. "वारा वाढला," ते पुटपुटले. "पण धुळ्या-जळगावच्या नोंदी मागवल्या मी. तिथं तर वाढला नाही."

"वारा काहून वाढीन?" अक्का म्हणाली. "धर्मानं केयी मोडली ना. त्याची शेवरी होती तवा वारा अडत होता. आता बठ्ठा इकडंच येते."

धर्मा हा शेजारी. नदी आणि टेकडी यांच्यामध्ये त्याचं शेत होतं. केळीला उन्हाळ्यातला वारा सोसत नाही, पानांच्या चिंध्या होतात. म्हणून या भागात केळीभोवती शेवरीची दाट रांग लावतातच. उंच, सडपातळ, बारीक पानांचं झाड. केळी काढली की शेवरीही तोडतात; पाला बकऱ्यांना, लाकूड चुलीला. धर्मानं केळी मोडून कापूस लावला, तेव्हा त्यानंही ती तोडली. बाहेरच्या माणसाला ते झाडांचं कुंपण पहिल्या दिवशी दिसलं असतं. मला दिसलं होतं, पण मी धुळ्याची, मला वाटलं सरांनी ते धरलंच असणार. सर केळीच्या घरात जन्मलेले. शेवरी म्हणजे केळी आणि केळी म्हणजे शेवरी, त्यात वेगळं काय बघायचं? त्यांनी वहीची जुनी पानं उलटली. नकाशात नदी होती, टेकडी होती, विहीर होती, बांधावरचा कडुनिंबसुद्धा होता. धर्माचं शेत म्हणून एक रिकामा चौकोन होता. शेवरी एकाही पानावर नव्हती.

सर वाळूत खाली बसले. "आठ वर्षं मी शेवरी मोजत होतो, बाई," ते म्हणाले, "आणि लिहीत होतो वाळू." त्यांना इतकं खजील झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली.

वाळू थोपवायचा उपाय त्यांना माहीत होता. दर वर्षी फळ्यावर ते तोच तर शिकवत. पण त्यांनी आधी विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना सगळं प्रामाणिकपणे कळवलं. उत्तर आलं, ते त्यांनी मला दाखवलं. मार्गदर्शक खूश होते. आडोसा असतानाचे आणि नसतानाचे असे दोन्ही आकडे आयते मिळताहेत. आणखी दोन उन्हाळे टेकडीला हात लावू नका, प्रबंध उत्तम होईल. डॉक्टरेट झाली की विभागप्रमुखपद सरांचंच होतं, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"आणि अक्का?" मी विचारलं.

सरांनी पत्राची घडी घातली. "कडेच्या दोन रांगा आहेत नुसत्या," ते म्हणाले. "एक उन्हाळा बघू."

मला राग आला होता. पण माझंही तेव्हा एम.फिल. चाललं होतं आणि संशोधन ही फार मोठी गोष्ट आहे असं मीही मानत होते. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या उन्हाळ्यात वाळूनं दोन रांगा गिळल्या. घड लागलेली झाडं कमरेपर्यंत पुरली गेली आणि घड वाळूला टेकून वाळले. पण खरं नुकसान ते नव्हतं. वाळू विहिरीत पडू लागली आणि ऐन मे महिन्यात मोटर गाळानं बंद पडली. दुरुस्त होईपर्यंत तीन आठवडे गेले. मे महिन्यात तीन आठवडे पाण्यावाचून केळी म्हणजे काय, ते खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा उरलेल्या बागेची पानं खाली लोंबत होती. अक्का विहिरीच्या कठड्यावर बसली होती. तिनं नेहमीसारखं पाणी दिलं आणि विचारलं, "मोजलं का रे? यंदा किती आलं?"

वही सरांच्या काखेत होती. त्यांनी ती उघडली नाही.

हिवाळा संपून कापसाची शेवटची वेचणी झाली तशी सरांचे गावोगाव निरोप गेले की पऱ्हाट्या जाळू नका. बैलगाडीनं कापसाच्या वाळक्या काड्या येऊन पडल्या. एका रविवारी शेवटच्या वर्षाची वीसेक पोरं-पोरी, मी, धर्मा आणि अक्का असे सगळे टेकडीवर होतो. वाऱ्याच्या बाजूच्या चढावर चौकोन आखायचे, चौकोनाच्या कडेनं पऱ्हाट्या हातभर खोल रोवायच्या, हातभर वर ठेवायच्या. पोरं दाट रोवू लागली की सर धावत. "दाट नको. भिंत केली तर वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे खड्डा खणतो. थोडा जाऊ द्या. दमला की वाळू आपसूक खाली ठेवतो." धर्मा मान खाली घालून रोवत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, मले ठाऊक असतं तर मी शेवरी तोडली नसती."

"तुला कसं ठाऊक असणार?" सर म्हणाले. "मलाच नव्हतं."

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा सरांनी एकेक करून बाराही सळया उपटल्या. काही गाडल्या गेल्या होत्या, त्या हातानं उकरून काढल्या. शेवटची निघाली तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसावेत तसे सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "डोळ्यांत वाळू गेली." मी मान डोलावली. वारा सुटला होता, वाळू जाण्यासारखी होती.

जूनमध्ये शेवरीचं बी पेरलं. मार्गदर्शकांना पत्र गेलं की नोंदी बंद केल्या आहेत. त्यांनी पुन्हा काही कळवलं नाही. विभागप्रमुख सरांचाच एक जुना विद्यार्थी झाला. सर त्याच्यासमोर हजेरीपटावर सही करत आणि उरलेल्या वेळात पोरांना डाळ मिलमध्ये नेत. एक बदल मात्र झाला. वर्गात टेकडीचा नकाशा काढताना ते आधी शेजारच्या शेतात झाडांची रांग काढत, मग नदी, मग वाळू. आणि कुणी काही ठामपणे सांगितलं की "मोजलं का?" असं न विचारता विचारत, "काय मोजायचं राहिलं?"

ते निवृत्त झाले आणि अक्काकडेच जाऊन राहिले. वहिनींनी आधी द्वारका करून घेतली, मग त्याही तिकडे राहायला गेल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांनी, शतक संपायला वर्ष-दोन वर्षं राहिली असताना, मी एका मे महिन्यात त्यांना भेटायला गेले. अक्काची केळी विहिरीच्या पलीकडे गच्च उभी होती. सात नंबरच्या सळईला तिची बकरी बांधलेली होती, पांढरा आकडा अजून दिसत होता. टेकडी होती तिथंच होती. पऱ्हाट्या केव्हाच कुजून गेल्या होत्या, त्यांच्या चौकोनांत गवत धरलं होतं, गवतात पाखरं होती. मी गवताची नावं सांगत गेले आणि सर ती जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले.

दुपार टळली आणि पश्चिमेचा वारा सुटला. शेवरीच्या शेंड्यांचा आवाज होऊ लागला. सर उठले, माथ्यावर जाऊन उभे राहिले आणि वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पिंढऱ्या वाळल्या होत्या, शिरा वर आल्या होत्या. मीही शेजारी जाऊन निऱ्या वीतभर वर घेतल्या. भूशास्त्रात लाज नसते. आम्ही बराच वेळ तसे उभे होतो.

"लागतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. "एक कण नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि वाळू गेली म्हणायची सोय त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती.